पोस्टाने कूपन ट्रेन सुरू करायचीय, आम्ही सातजणी आहोत, कसं जमवायचं?

अबोली_ओहायो:
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. आम्ही अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या सात मैत्रिणी आहोत, दोघी ओहायोत, एकेक न्यूजर्सी, जॉर्जिया, टेक्सासला आणि दोघी कॅलिफोर्नियात, आणि सगळ्यांच्या घरी रविवारचा पेपर येतो. माझ्याकडे दोन पेपर येतात कारण शेजारच्या आजी त्यांच्यातली कूपनांची इन्सर्ट्स, म्हणजे पेपरात घालून येणाऱ्या कूपनांच्या पुरवण्या, मला देतात. आता झालंय असं की मला हवी असतात डायपरची आणि वाइप्सची कूपनं, बाळ नऊ महिन्यांचं आहे, आणि माझ्याकडे साठतात मांजराच्या खाण्याची, कवळीच्या चिकटवणीची, केस रंगवायची. घरात मांजर नाही आणि कवळीही नाही कुणाला. गेल्या रविवारी ओट्यावर सगळं पसरून बसले, छत्तीस कूपनं कापली त्यातली माझ्या कामाची निघाली पाच. आणि त्याच दिवशी टेक्सासच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होते तर तिच्याकडे त्याच डायपरचं कूपन ३ डॉलरचं आलेलं, माझ्या पेपरात तेच दीड डॉलरचं! ती म्हणे मला काय करायचंय, माझी मुलं कॉलेजात आहेत, आणि तिच्याकडे दोन मांजरी.

तर आम्ही ठरवलं की एका मोठ्या पाकिटात सगळी नको असलेली कूपनं घालून ते एकीकडून दुसरीकडे फिरवायचं, जिला जे हवं ते तिने काढायचं, आपल्याकडचं घालायचं आणि पुढे पाठवायचं. याला इथे कूपन ट्रेन म्हणतात एवढं कळलंय. पण कुणी प्रत्यक्ष चालवलीय का? किती जणी असाव्यात, पोस्टेज किती पडतं, एखादीने पाकीट ठेवूनच घेतलं तर काय, तारीख उलटलेल्या कूपनांचं काय करायचं, आणि मुख्य म्हणजे हे करायला परवानगी आहे का, का उगाच काहीतरी नियमात अडकू? सविस्तर सांगा प्लीज, मला हे मनापासून करायचंय, एका पगारात घर चालतंय सध्या.

मोगरा_न्यूजर्सी:
अबोली, मी २००९ पासून पाच वर्षं चालवलीय ट्रेन, मग मुलांच्या शाळेमुळे थांबवली आणि गेल्या वर्षी परत सुरू केली, त्यामुळे दोन्ही काळ बघितलेत. सांगते सगळं, जरा लांबेल.

आधी शब्द. जी चालवते ती कंडक्टर, बाकीच्या रायडर. पाकीट ज्या क्रमाने फिरतं तो क्रम कंडक्टरने ठरवायचा आणि तो कागदावर लिहून पाकिटातच ठेवायचा, फोनवर नाही, कारण घाईत फोनमधला मेसेज सापडत नाही आणि मग पाकीट चुकीच्या घरी जातं. तुमच्यासाठी क्रम नकाशावरून लाव, ओहायोच्या दोघी, मग न्यूजर्सी, जॉर्जिया, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या दोघी, आणि परत ओहायो. उगाच न्यूजर्सीहून कॅलिफोर्निया आणि तिथून जॉर्जिया असं केलंस तर दर टप्प्याला पोस्टात दिवस जातात.

आता खरी अडचण. माझी पहिली ट्रेन बारा जणींची होती. मला वाटलं जितक्या जास्त तितकी विविधता. हिशेब मी केलाच नव्हता. एकीकडे पाकीट दोन दिवस राहणार, पोस्टात तीन दिवस, म्हणजे एका घराला पाच दिवस, बारा घरांना साठ दिवस. पाकीट परत माझ्याकडे आलं तेव्हा मी ते ओट्यावर उलटं केलं आणि एकेक कूपन उचलून तारीख बघत गेले, निम्म्याहून जास्त मेलेली. ज्यांच्या घरी ते शेवटी गेलं त्यांनी तर अख्खं पोस्टेज भरून रद्दी विकत घेतल्यासारखं झालं. त्यांचा राग योग्य होता. त्यानंतर मी सहाच्या वर कधी घेतल्या नाहीत. तुम्ही सात आहात म्हणजे पस्तीस दिवस, ते चालेल पण काठावर आहे.

आणि तेव्हा कूपनांची मुदत बरी असायची, दोन-तीन महिने सर्रास. आता माझ्याकडे येणाऱ्या इन्सर्टमधली बरीचशी दोन ते चार आठवड्यांत संपतात. म्हणून आता मी एक गोष्ट कडक पाळते आणि माझ्या मते ट्रेन जगते ती यावरच. पाकिटात फक्त लांब मुदतीची बसवायची, म्हणजे घालताना कमीत कमी सहा आठवडे शिल्लक असलेली. ही कुठून मिळतात तर दुकानातल्या शेल्फवर टांगलेल्या पॅडवरून फाडायची असतात ती, पॅकवर चिकटवलेली सोलून काढायची ती, कंपनीला मेल किंवा पत्र लिहिलं की घरी येतात ती. रविवारच्या इन्सर्टमधली छोट्या मुदतीची पाकिटात घालायचीच नाहीत. ती थेट पाठवायची. म्हणजे तुझ्याकडे मांजराचं आलं की सोमवारी साध्या पांढऱ्या पाकिटात घालून टेक्सासला, तिच्याकडे डायपरचं आलं की तिने तुला. साध्या पाकिटाला १ आऊन्सपर्यंत एक फॉरएव्हर स्टॅम्प (दर वाढला तरी चालतो तो) लागतो आणि त्यात मी माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पंचवीस कापलेली कूपनं सहज बसवते. हे करायला सगळ्यांची हवं-नकोची यादी सगळ्यांकडे असायला हवी. यादीत 'काहीही चालेल' लिहायला बंदी कर, त्याचा काडीचा उपयोग होत नाही. नीट लिहायला लाव, डायपर, वाइप्स, लॉन्ड्री, दाढीचं सामान, कुत्र्याचं खाणं, असं. आणि दर दोन महिन्यांनी यादी बदलायची, बाळं मोठी होतात.

देवाणघेवाणीचा नियम. काही ठिकाणी किमतीला किंमत मोजतात, १० डॉलरची काढली तर १० डॉलरची घाला. मी करून बघितलं, दोन महिन्यांत वहीखातं झालं आणि बायका दुखावल्या. मी संख्येला संख्या ठेवते, पंधरा काढली की कमीत कमी पंधरा घालायची, फक्त एक अट, घालताना स्वतःला विचारायचं की ही मी दुसऱ्या कुणाच्या पाकिटातून घेतली असती का. पाच सेंटचं नाही घालायचं. एकाच सूपची वीस नाही घालायची, एका प्रकारची जास्तीत जास्त चार.

पाकिटात एक चिठ्ठी असते माझी. दरवेळी प्रत्येकीने एक ओळ लिहायची, पाकीट आलं ती तारीख, गेलं ती तारीख, आत किती होती, किती काढली, किती घातली, तारीख गेलेली किती फेकली. म्हणजे आत ६२, काढली १५, फेकली ४, घातली १७, आता ६०. बस एवढंच. या एका ओळीमुळे कोण नुसतं घेतंय, कुणाकडे पाकीट आठवडाभर पडतंय, सगळं न बोलता दिसतं आणि कुणाला फोन करून हटकावं लागत नाही. फेकायचं काम ज्या घरी पाकीट असेल तिचंच, पुढच्यावर ढकलायचं नाही. मी तर म्हणेन पुढच्या दहा दिवसांत संपणारी असतील तीही काढायची, ती पुढे पोचून वापरली जाईपर्यंत वेळ संपतो.

अडकून बसण्याबद्दल. ४८ तास हा नियम. माझ्याकडे एकीकडे पाकीट १९ दिवस राहिलं होतं आणि मी मनातल्या मनात चिडत बसले, विचारलंच नाही, नंतर कळलं तिच्या सासऱ्यांना आयसीयूत ठेवलं होतं. मला आजही ते बोचतं. तेव्हापासून असं केलंय की जिला त्या महिन्यात जमणार नाही तिने आधीच्या रायडरला एक शब्द टाकायचा, 'मला वगळ', आणि पाकीट तिच्या पुढचीकडे जातं. कारण विचारायचं नाही. आणि तीन दिवस झाले, हालचाल नाही, तर कंडक्टरने स्वतः फोन करून आधी तब्येत विचारायची, पाकीट नंतर.

टपाल_काका:
मोगराताईंनी आतलं सगळं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो, कारण आमच्याकडे बायकोची ट्रेन आहे पण वजन करून पोस्टात नेणं गेली दहा वर्षं माझ्याकडे आहे.

पोस्टाच्या दृष्टीने साधं पत्र म्हणजे पाव इंचापर्यंत जाड आणि साडेतीन आऊन्सपर्यंत वजन. २०२५ च्या जुलैमध्ये पहिल्या आऊन्सला ७८ सेंट आणि पुढच्या प्रत्येक आऊन्सला २९ सेंट असा दर झाला होता, बदलत राहतो म्हणून दर वेळी बघून घ्या. त्याच्या वर गेलं की मोठं पाकीट, ज्याला इथे फ्लॅट म्हणतात, ते १३ आऊन्सपर्यंत आणि पाऊण इंचापर्यंत. यात मेख अशी की फ्लॅट सगळीकडून सारख्या जाडीचं आणि थोडं वाकणारं असावं लागतं. आमच्या पहिल्या पाकिटात बायकोने प्रत्येक गठ्ठ्याला रबर लावून, वर क्लिपा लावून, छान विभागणी करून दिली आणि मी ते तसंच मोठ्या पाकिटाचे स्टॅम्प लावून पाठवलं. मध्ये फुगवटा, एका बाजूला पोकळ. ते पार्सल म्हणून धरलं गेलं आणि पलीकडच्या बाईंना दारात उरलेले पैसे भरून पाकीट घ्यावं लागलं. चूक आमची होती, मी त्यांना पैसे परत पाठवले. तेव्हापासून क्लिप नाही, रबर नाही, पिन नाही. इन्सर्टचाच एखादा गुळगुळीत कागद दुमडून त्याच्या घड्या करतो, प्रत्येक प्रकाराची एक घडी, खाणं, साफसफाई, बाळाचं, औषधं, प्राणी, आणि घड्या शेजारी शेजारी ठेवतो, एकावर एक नाही. मग पाकीट सपाट राहतं.

कापूनच पाठवा. अख्खी इन्सर्ट्स पाठवली की निम्मं वजन जाहिरातींचं असतं.

अजून एक, पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकताना सांभाळा. २०१९ च्या ऑक्टोबरपासून स्टॅम्प लावलेलं काहीही १० आऊन्सच्या वर किंवा अर्ध्या इंचाहून जाड असेल तर ते पेटीत टाकता येत नाही, काऊंटरवर हातात द्यावं लागतं, नाहीतर परत येतं. ट्रेनचं पाकीट अर्ध्या इंचाला हमखास टेकतं. जिला पोस्टात जायला सवड नसते तिचं पाकीट इथेच अडकतं, म्हणून मी म्हणेन की पाकीट १० आऊन्सच्या आत आणि अर्ध्या इंचाच्या आतच ठेवा, म्हणजे घराजवळच्या पेटीत टाकून मोकळं होता येईल. आकडा हवा असेल तर शंभर-सव्वाशे कूपनांवर जाऊ नका.

पोस्टाचं मीडिया मेल स्वस्त पडतं म्हणून बरेच जण सुचवतात. ते करू नका. ते पुस्तकं, रेकॉर्डिंग असल्या गोष्टींसाठी आहे, त्यात जाहिरातीचा मजकूर चालत नाही आणि पोस्टाला उघडून बघायचा हक्क आहे. कूपन ही जाहिरातच.

ट्रॅकिंग हवं असेल तर पोस्टाची ग्राउंड अॅडव्हांटेज ही पार्सलची सेवा आहे, जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात ट्रॅकिंग आणि १०० डॉलरपर्यंतचा विमा धरलेला असतो, पण ते पार्सलचे दर, पन्नास कूपनांसाठी परवडत नाही. साध्या मोठ्या पाकिटाला ट्रॅकिंग मिळत नाही हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे एखादं हरवलं तर कुणावर संशय नको. आम्ही पाकीट टाकलं की त्याच संध्याकाळी पुढच्या घरी मेसेज टाकतो, 'आज निघालं', झालं ट्रॅकिंग. आणि मोठ्या पाकिटाला दोन फॉरएव्हर पुरतील असं अंदाजाने धरू नका, काट्यावर ठेवा. आतली कूपनं एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग पाकिटात, पावसात शाई पसरली की बारकोड वाचला जात नाही. जुनं पाकीट परत वापरायचं असेल तर आधीचा पत्ता आणि विशेषतः पोस्टाने छापलेली बारकोडची पट्टी पूर्ण झाकून टाका, नाहीतर मशीन ते पुन्हा आधीच्याच घरी पाठवतं.

सावली_टेक्सास:
परवानगीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या माहितीप्रमाणे मैत्रिणीला कूपन देणं यात गुन्हा वगैरे काही नाही, पण कूपनाखालची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच कूपनांवर हस्तांतर केलं किंवा विकलं तर रद्द असं छापलेलं असतं. ते कंपनीच्या अटींचं झालं. विकणं मात्र अजिबात करू नका, 'कापण्याच्या मेहनतीचे पैसे' म्हणूनसुद्धा नाही. आणि नवीन माणसं जमवताना 'एक पाकीट पाठवा, शंभर मिळवा' असली भाषा वापरू नका. पोस्टाने पैसे किंवा किमती वस्तू मागून पुढे मोठा परतावा कबूल करणारी साखळी-पत्रं इथे कायद्याने बंद आहेत. तुमच्यात कुणी पैसे पाठवत नाही, ठराविक घरं आहेत, सारख्याला सारखं आहे, त्यामुळे ते वेगळंच, पण शब्द जपून.

माझा कळकळीचा मुद्दा वेगळा आहे. प्रिंटरवर छापलेली कूपनं पाकिटात घेऊ नका. निदान अनोळखी माणसाची तरी मुळीच नाही. मी एका ट्रेनमध्ये होते, त्यात कॉफीची चार छापील कूपनं आली, चांगली दिसत होती, मी दोन घेऊन दुकानात गेले, लेक बरोबर होती. मशीनने पहिलं घेतलं आणि दुसऱ्याला नाही म्हटलं. मॅनेजर आली, दोन्ही शेजारी शेजारी धरून मला दाखवली, कोपऱ्यातला नंबर एकच. म्हणजे कुणीतरी एक छापून त्याची झेरॉक्स काढली होती. माझ्या मागे पाच माणसं उभी, आणि ती मला विचारतेय हे तुम्ही कुठून आणलं. मी खरं ते सांगितलं आणि सामान तिथेच ठेवून आले. घरी येईपर्यंत लेक सारखी विचारत होती आई आपण काय चुकीचं केलं. मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जमलं नाही.

हे कसं चालतं ते माहीत असेल तर गांभीर्य कळतं. दुकान आपल्याला जी सूट देतं ती कूपनं ते क्लिअरिंग हाऊसला, म्हणजे कूपनांचा हिशेब करणाऱ्या संस्थेला, पाठवतं, आणि मग कंपनी दुकानाला छापील रक्कम अधिक हाताळणीचे साधारण ८ सेंट देते. कूपन खोटं निघालं की ते पैसे येत नाहीत, दुकान बुडतं. नेटवरून छापायच्या प्रत्येक कूपनावर वेगळा नंबर असतो, म्हणूनच झेरॉक्स पकडली जाते. २०२१ मध्ये व्हर्जिनिया बीचच्या एका बाईला खोट्या कूपनांसाठी १२ वर्षांची शिक्षा झाली, कंपन्यांचं आणि दुकानांचं नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरच्या वर होतं, आणि गिऱ्हाइकं तिने शोधली होती ती कूपनवाल्यांच्या ग्रुपमधूनच. खोट्या कूपनांची यादी कूपन इन्फर्मेशन कॉर्पोरेशन ठेवतं, १९८६ पासूनची संस्था आहे, शंका आली की तिथे बघता येतं. 'फुकट' लिहिलेलं आणि नेटवरून छापलेलं असेल तर मी तरी हात लावत नाही.

आणि बारकोडच्या खाली किंवा वर 'स्टोअर कूपन' लिहिलेली घालू नका, ती त्या एकाच दुकानात चालतात आणि ते दुकान जॉर्जियात असेलच असं नाही. 'मॅन्युफॅक्चरर' लिहिलेलीच, म्हणजे कंपनीची, घाला. काऊंटरच्या मशीनमधून पावतीबरोबर निघतात त्यांचंही तसंच, आधी नीट वाचा.

कोरांटी_वॉशिंग्टन:
तारीख गेलेल्यांचं काय करायचं असं विचारलं होतं ना, फेकू नका! परदेशातल्या अमेरिकी लष्करी तळांवर जी सैनिकांची किराणा दुकानं आहेत, कमिसरी म्हणतात, तिथे कंपनीचं कूपन तारीख उलटून सहा महिन्यांपर्यंत घेतात. फक्त परदेशातल्या तळांवर, इथल्या नाही. मी वर्षातून चार-पाच वेळा पाठवते. एपीओ किंवा एफपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा, पत्ता असला तर पोस्टेज देशातल्यासारखंच लागतं, पाकीट जर्मनीला गेलं काय आणि जपानला गेलं काय. पोचायला वेळ लागतो म्हणून मी तारीख जाऊन दोन महिन्यांच्या आतलीच पाठवते. दोन गठ्ठे करायचे, खाण्याचं एक आणि इतर एक, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मोगराताईंच्या चिठ्ठीत 'फेकली' च्या जागी 'बाजूला काढली' लिहा आणि ती कंडक्टरकडे जमा करा. सैनिकांच्या घरच्यांना डायपर, दूध पावडर असली कूपनं किती उपयोगी पडतात ते मी माझ्या शेजारणीकडून ऐकलंय, ती तीन वर्षं तिकडे होती दोन लहान मुलं घेऊन.

एक_वाचक:
मी थोडं वेगळं म्हणतो, रागावू नका. पेपरमधली कागदी कूपनं दरवर्षी कमी होतायत, आमच्याकडे पूर्वी इन्सर्टचा जाडजूड गठ्ठा यायचा, आता कधी कधी रविवारी काहीच नसतं. बहुतेक सूट दुकानाच्या अॅपवर आपल्या खात्यात चढवायची झालीय, ती कुणाला देता येत नाही. मग गोल फिरणारं पाकीट कशाला? सगळ्यांनी आपली नको असलेली महिन्यातून एकदा एकीकडे पाठवायची, बरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि स्टॅम्प लावलेलं परतीचं पाकीट आणि यादी. ती वाटून दोन दिवसांत परत टाकेल. पस्तीस दिवसांऐवजी आठवड्यात काम.

मोगरा_न्यूजर्सी:
मुद्दा बरोबर आहे, मी हेही केलंय. जलद होतं यात वाद नाही. पण सातही घरांची छाटणी एकीच्या ओट्यावर येते, मला महिन्यातला एक अख्खा शनिवार जायचा आणि तरी कुणीतरी म्हणायचं मला चांगली आली नाहीत. अबोलीकडे नऊ महिन्यांचं बाळ आहे, तिने हे अंगावर घेऊ नये. छोट्या मुदतीची थेट एकमेकींना पाठवली तर तुम्ही म्हणता ती घाई तिथेच भागते. आणि कमी होतायत म्हणूनच तर, एकेका घरात पाचच कामाची निघत असतील तर सात घरांची मिळून पस्तीस होतात.

एक_वाचक:
हो, बाळाचं लक्षात नव्हतं आलं माझ्या. मग दर वेळी वाटणारी बदलली तर जमेल, पण तुमच्या पद्धतीतच ते आपोआप होतंय. मान्य.

अबोली_ओहायो:
किती छान उत्तरं दिलीत सगळ्यांनी, काल रात्री बाळ झोपल्यावर सातही जणींचा फोन लावला आणि हे सगळं वाचून दाखवलं. ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. ओहायोच्या आम्ही दोघी एकाच गावात आहोत म्हणून आमचं एकच घर धरलं, आम्ही आपापसात बघू, म्हणजे सहा घरं आणि तीस दिवस. मोठ्या पाकिटात सहा आठवडे शिल्लक असलेलीच. रविवारची छोट्या मुदतीची सोमवारी थेट यादीप्रमाणे. छापलेली नाहीत, एकही नाही, सावलीताई तुमचं वाचून आमच्यातली एक रडली, तिच्याकडे कुणीतरी दिलेली अशी सहा पडली होती, तिने ती फाडून टाकली. काका, माझ्याकडे वजनकाटा नव्हता, आज स्वयंपाकाचा घेतला, तुम्ही म्हणालात तशा घड्या करून बघितल्या, ऐंशी कूपनांचं पाकीट पावणेतीन आऊन्स भरलं आणि जाडी अर्ध्या इंचाच्या बरीच आत आहे. ते चालेल ना?

बाजूला काढलेली सगळी जॉर्जियाची मैत्रीण जमा करणार, तिचा भाऊ सैन्यात होता, तिने स्वतःहून मागून घेतलं ते काम.

एकच शंका राहिली. टेक्सासच्या मैत्रिणीला आत्ताच मांजराची नऊ कूपनं द्यायचीत, तीन आठवडे उरलेत त्यांचे. ती पहिल्या पाकिटाची वाट बघत थांबवू का?

टपाल_काका:
पावणेतीन आऊन्स उत्तम. पेटीत टाकता येईल. मोठं पाकीट असल्याने दर फ्लॅटचा लागेल, पत्राचा नाही, हे लक्षात ठेवा.

मोगरा_न्यूजर्सी:
नऊ कूपनं अजिबात थांबवू नकोस, आज साध्या पाकिटात घाल, एक स्टॅम्प, उद्या सकाळी पोस्टमन यायच्या आत तुझ्याच मेलबॉक्समध्ये ठेव आणि त्याचा लाल झेंडा वर कर, म्हणजे तो घेऊन जाईल. आणि चिठ्ठीचा कागद मी रेघा आखून ठेवलाय तो तुला पोस्टाने पाठवते, पत्ता मेसेजमध्ये टाक, इथे उघड्यावर नको. पहिली ओळ तुझी.